वाजंत्रीचा हंगाम आणि चार धडे



हळद काढून, शिजवून, वाळवून झाली की आपल्या हट्टा परिसरात अंगाला हळद लागण्याचे दिवस येतात. रानात काम कमी असतं. मग गावोगावची तरुण पोरं बँडमध्ये वाजवायला जातात. चार पैसे हाती येतात, घराला हातभार लागतो. हा हंगामी जोडधंदाच. पण जोडधंदा म्हटला की त्याचीही निगा आली.

पहिला धडा बोलीचा. मुहूर्त मोजके, लग्नं फार. एकाच तारखेला दोन गावांचा विसार घेतला, की एका गावचा नवरदेव पारावर ताटकळतो आणि भांडण मात्र वाजतगाजत होतं. म्हणून वहीत तारीख, गाव, वेळ, भाडं, जेवण सगळं लिहा आणि दोन्हीकडच्या सह्या घ्या. रात्री दहाला वाजवणं बंद, हेही लिहा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यांत २०१० मध्ये दुरुस्ती होऊन भोंग्याबरोबर वाद्यंही आली. "आणखी एक गाणं" म्हणणारा पाहुणा निघून जातो, पोलिसांना उत्तर बँडवाल्याला द्यावं लागतं.

दुसरा धडा विस्तवाचा. अवकाळी पावसाच्या ओलीनं हलगीचं कातडं ढिलं पडतं, ते शेकावं लागतं. घाईत कडब्याच्या गंजीजवळच जाळ केला आणि वारा फिरला, तर जनावरांची वर्षाची वैरण घटकाभरात जाते. जाळ गंजीपासून लांब, मोकळ्या जागी करा. पाण्याची बादली शेजारी ठेवा. आणि प्लॅस्टिकचं पान असलेला ड्रम कधीच शेकू नका, त्याला फक्त चाव्या आवळायच्या असतात.

तिसरा धडा उन्हाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्यात बँडचा जाड, पूर्ण बाह्यांचा डगला. पिपाणी फुंकताना दम लागतो, घाम वाहतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट प्या. चमचा चहाचा घ्यावा. कुणी बरळू लागला किंवा भोवळ येऊन पडला, तर त्याला सावलीत न्या, डगला काढा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

चौथा धडा कानांचा, आणि हा सर्वांत मोठा. ८५ डेसिबल आवाज कान आठ तास सोसतो. पुढं दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं! कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या, की उसाच्या खोडव्यासारख्या पुन्हा फुटत नाहीत. रात्री घरी आल्यावर कानात घूं-घूं होत असेल, तर तो इशारा समजा. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, ते घाला. नुसत्या कापसानं भागत नाही. भोंग्याच्या तोंडाशी उभं राहू नका आणि लहान लेकरांनाही तिथं उभं करू नका.

आता दोन शब्द लग्नघरच्या मंडळींना. वाजवणारं पोर कुणाच्या तरी घरचंच असतं. मिरवणुकीत त्याला पाणी विचारा, घटकाभर सावलीला बसू द्या. आणि वाजंत्र्यांची पंगत सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्यावर बसवू नका.