बनेश्वराची घंटा आणि नसरापूरचे मिशन

महाशिवरात्रीस नसरापूरच्या बनेश्वराला पुण्याहून, भोरहून आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांतून माणसांची रीघ लागते. दर्शनार्थी घाईत असतो. देवळातील मोठ्या घंटेवर क्रूस कोरलेला आहे आणि १६८३ हे ख्रिस्ती साल आहे, इकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्या मुलखातील पोर्तुगीज चर्चांच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि देवांना वाहिल्या गेल्या. भीमाशंकर, मेणवली, नाशिकचा नारोशंकर ही त्यांची स्थाने सर्वश्रुत आहेत. बनेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधविले, आणि त्यांपैकी एक घंटा येथे लागली. तिच्यावरचा क्रूस कोणी घासून काढला नाही. नाद शुद्ध आहे, देवाच्या कामी येतो, एवढे त्या पिढीला पुरेसे वाटले असावे.

ही घंटा लढाईने आली. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी त्याच नसरापूरच्या परिसरात क्रूस पुन्हा आला, तो मात्र शस्त्रावाचून. १८९३ मध्ये चार्ल्स रीव्ह या ऑस्ट्रेलियातून आलेल्या गृहस्थांनी 'पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन' ही संस्था स्थापिली. नावातच तिचा हेतू आहे. शहरांत कॉलेजे काढणारी मिशने होतीच. ज्या खेड्यांपर्यंत कोणी पोहोचत नाही तेथे जाऊन राहावयाचे, असे या मंडळींनी ठरविले. नसरापूर आणि भोर येथे त्यांची ठाणी झाली. पंढरपुरासही झाले, याची आठवण पुढे करावी लागणार आहे. संस्थेला ठरावीक पगाराची पद्धत मान्य नव्हती. श्रद्धावंतांकडून येईल त्या देणगीवर निर्वाह करावयाचा. आमच्या कीर्तनपरंपरेत यालाच अयाचित वृत्ती म्हणतात. ती सांगणे सोपे आणि पाळणे किती कठीण, हे आम्हां हरदासांना ठाऊक आहे.

हा मुलूख त्या वेळी इंग्रजी अमलाखाली थेट नव्हता. भोर हे पंत सचिवांचे संस्थान. १८७१ पासून १९२२ पर्यंत शंकरराव चिमणाजी गादीवर होते. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे संस्थानचे पाच तालुके. प्रचंडगड म्हणजे तोरणा. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, तेव्हा कित्येकांना ते नवे वाटले. नाव जुनेच आहे. सांगावयाचे ते असे, की एका ब्राह्मण संस्थानिकाच्या राज्यात, शिवछत्रपतींच्या दोन गडांच्या छायेत, हे परदेशी लोक बिऱ्हाड करून राहिले.

बिऱ्हाड हा शब्द मी जाणून वापरतो. एकट्याने येऊन उपदेश करून जाणे निराळे आणि बायकामुलांसह राहणे निराळे. गुंजवणी, कानंद, वेळवंडी या नद्यांच्या खोऱ्यांतला पावसाळा ज्याने काढला आहे त्याला अधिक सांगणे नको. आषाढ-श्रावणात ओढे चढले की वाडी वाडीपासून तुटते; भिंतींना ओल, सरपण भिजलेले, चुलीत धूर. अशा ठिकाणी परमुलखातून आलेल्या स्त्रीने संसार मांडावयाचा, आणि शिवाय पहिली दोन वर्षे मराठीचा अभ्यास करून परीक्षा द्यावयाची. मराठी शिकविणारे पंडित बहुधा ब्राह्मणच असत, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुले जरा मोठी झाली की शाळेसाठी दूर पाठवावी लागत. कोडाईकनालची शाळा १९०१ मध्ये निघाली ती मिशनरी कुटुंबांच्या याच गरजेतून. कित्येकांनी तर मुलांना समुद्रापार स्वदेशी धाडले आणि वर्षानुवर्षे त्यांचे तोंड पाहिले नाही. आईच्या जिवाला हे काय वाटत असेल, त्याचा हिशेब कोणत्याही मिशनच्या अहवालात निघत नाही.

दिवसाचे काम डोंगरातले. वाडीवर जावयाचे, आजाऱ्याला औषध द्यावयाचे, जखम धुवावयाची, मुलींना चार अक्षरे शिकवावयाची, जत्रेत उभे राहून शुभवर्तमान सांगावयाचे. मावळातल्या माणसाने औषध घेतले, गोष्ट ऐकली, आणि बहुतेक वेळा राम राम करून तो आपल्या भैरोबाकडे परत गेला. गावेच्या गावे ख्रिस्ती झाली असे या खोऱ्यांत काही घडले नाही. या संस्थेचेही पुढे रूपांतर झाले. १९६८ मध्ये ती दुसऱ्या एका मिशनशी एकरूप होऊन तिचे जुने नाव मावळले.

तेव्हा हे सर्व फसले, असे म्हणून आपण मोकळे व्हावे काय? आमच्या क्षेत्रातील पुष्कळ मंडळी तसेच म्हणतात. 'औषधाच्या बाटलीतून धर्म पाजावयाला आले होते, गेले,' एवढ्यात त्यांचा निकाल लागतो. या आक्षेपात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. दुखणेकऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या देवाला खोटे म्हणणे हे मला सभ्यपणाचे वाटत नाही. आर्ताची मान वाकलेली असते, तिच्यावर मताचे जू ठेवू नये. मायदेशी देणगीदारांसाठी लिहिलेल्या मिशनरी वृत्तांतांत आपल्या देशाचे वर्णन निव्वळ अंधार म्हणून करण्याची चाल होती, तीही खटकते. जेथे पहाटे जात्यावर बाया देवाचे नाव घेत होत्या, तेथे अंधार दिसणे हा पाहणाऱ्याच्या दृष्टीचा दोष होय.

पण सर्व मिशनरी घराण्यांची दृष्टी तशी नव्हती. एमॉस अॅबट हे अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, अमेरिकन मराठी मिशनमधले. त्यांचा मुलगा जस्टिन अॅबट हाही मिशनरी झाला, १९१० मध्ये अमेरिकेस परतला, आणि उतारवयात त्याने काय केले? एकनाथ, तुकाराम, रामदास, बहिणाबाई यांची चरित्रे व रचना इंग्रजीत आणण्याची मालाच सुरू केली. ताहराबादच्या महिपतीबुवांच्या 'भक्तविजया'चे इंग्रजी भाषांतर त्याने पंडित नरहर गोडबोले यांच्यासह केले. १९३२ मध्ये अॅबट वारला आणि ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. उत्तररंगात आम्ही जी आख्याने लावतो त्यांतली निम्मीअधिक महिपतीची. ती सातासमुद्रापलीकडे नेली ती या मिशनऱ्याच्या मुलाने. आम्ही त्याचे नाव कधी कीर्तनात घेतो काय?

आता पंढरपूरची आठवण. या मिशनचे लोक पंढरीत राहून कोणालाही दारात घेत होते, त्या काळात विठ्ठलाच्या महाद्वारी अस्पृश्य म्हणविलेल्या भक्ताला आत पाऊल टाकता येत नव्हते. चोखोबाची समाधी पायरीशी, आणि चोखोबाचे वंशज पायरीखाली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावले तेव्हा ते दार उघडले. रीव्ह यांची संस्था निघून त्या वेळी चौपन्न वर्षे झाली होती. या चौपन्न वर्षांत जो कोणी आपल्या दारातून उठून त्यांच्या दारात गेला, त्याला बाटगा म्हणण्याचा अधिकार आम्हां शास्त्र सांगणाऱ्यांना कोठून आला, हे मला अनेक पोथ्या चाळूनही सापडलेले नाही. धर्मांतराविरुद्ध तावातावाने बोलणारे लोक मिशनऱ्याच्या हेतूची चिकित्सा करतात. जाणाऱ्याच्या पायांखाली जमीन का राहिली नव्हती, याची करीत नाहीत.

आणि आज? वाचकहो (जिभेवर 'श्रोतेहो' येते), नारदीय कीर्तनाचा आजचा प्रवास पाहा. पुण्यातील सभागृहे, ध्वनिक्षेपक, शाली, सत्कार, फार तर चौमासात एखाद्या संपन्न देवस्थानचा सप्ताह. वारकरी कीर्तनकार खेड्यांत जातात हे खरे, पण तेथेही बिदागीचे आकडे असे झाले आहेत की वीस उंबऱ्यांच्या वाडीने बुवांना बोलवावे कसे? केळद मढे घाटाच्या तोंडाशी आहे, हिर्डोशी वरंधच्या वाटेवर. त्यांच्याही वर, धारेवर, धनगरांचे झाप आहेत, कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत. परदेशातून आलेली बाई भिजत तेथपर्यंत गेली असेल, तर टाळ-वीणा घेऊन आपल्याला जाता येणार नाही असे नाही. रस्ते झाले आहेत, एस.टी. वेल्ह्यापर्यंत जाते, पुढे पाय आहेत.

बनेश्वराच्या शिवरात्रीस गर्दीची उणीव नाही. तेथे माझ्यासारख्याने उभे न राहिल्याने काही अडत नाही. म्हणून मी भोर-वेल्ह्यातील देवस्थानांच्या पंचांपुढे एक मागणे ठेवितो. उत्सवाच्या खर्चातून पाच कीर्तनांचा प्रवासखर्च बाजूला काढावा. हरदासाने बिदागी घेऊ नये. आणि चैत्रापासून मिरगापर्यंत, ओढे चढण्यापूर्वी, ज्या वाडीत देऊळसुद्धा नाही तेथे अंगणात कीर्तन लावावे. एखादा डॉक्टर बरोबर येत असेल तर उत्तमच. त्याने बुक्का लावण्यापूर्वीच औषध द्यावे आणि कोणाचा देव कोणता हे विचारू नये. पाचांपैकी दोन कीर्तने मी करीन. उरलेल्या तिघांची नावे पंचांकडे यावीत.