जेटीवरच्या मांजरांना नुसती कच्ची तारली नको

जाळी कुरतडणाऱ्या उंदरांवर खरा इलाज मांजरांचाच. नवीन जाळ्याचा भाव तुम्हाला सांगायला नको. पण त्यांना आपण घालतो काय? सीझनला कच्ची तारली, बांगड्याची आतडी. १ जून ते ३१ जुलै बंदीत शिळा भात नि खारी सुकी मासळी. माझ्या मते दोन्ही चूक.

तारलीसारख्या बऱ्याच कच्च्या मासळीत बी-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. रोज तेच खाल्लं की मांजर झोकांड्या खातं, मान खाली वळते. लोक म्हणतात, विष घातलं कोणीतरी! मासळी शिजवली की तो घटक जातो. शिजवलेलं पाणी फेकू नका, मांजराला लागणारं टॉरिन त्यात उतरतं. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं.

मासळी आठवड्यातून एक-दोनदाच. एरवी कोंबडीचं मांस, हृदयं, थोडंसं काळीज, उकडलेलं अंडं. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको, म्हणजे हुमणाचा उरलेला भातही नको. काटे काढून टाकले की कॅल्शियम कमी पडतं. ते किती घालायचं ते जनावरांच्या डॉक्टरला विचारा, अंदाजाने घालू नका.

बंदीत आपलंच भागत नाही, असं कोणी म्हणेल. चिकनवाल्याकडे हृदयं, काळीज स्वस्तात मिळतं. चार होडीवाल्यांनी मिळून एक टोप शिजवला तरी पुरे.