कायदा आणि आपण : ‘दंड भरला, प्रकरण मिटलं’?

वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी चोरीचा विषय बरा दिसत नाही, हे मान्य. पण या वर्षी सदरासाठी आलेल्या फोनांपैकी एक काही केल्या विसरता येत नाही.

घर आपल्या न्यू जर्सीतलंच. दोन वर्षांपूर्वी आई व्हिजिटर व्हिसावर नातवाला सांभाळायला आल्या होत्या. दुकानात कार्ट न घेता त्यांनी सवयीने खांद्यावरच्या कापडी पिशवीत वस्तू टाकल्या. काउंटरवर काहींचे पैसे दिले. चाळीसेक डॉलरचं सामान पिशवीच्या तळाशी राहून गेलं. दाराशी अडवलं, पोलीस आले, कोर्टाची तारीख मिळाली. परतीचं तिकीट आठ दिवसांवर. मुलगा म्हणाला, “आई, कबूल करून टाक. दंड भरू, कुणाला कळायला नको.” तसंच केलं. यंदा व्हिसाच्या नव्या अर्जात प्रश्न आला : कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का? नातीचं बारसं होऊन गेलं. आजी अजून नाशिकलाच आहेत.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. न्यू जर्सीत शॉपलिफ्टिंग म्हणजे फक्त पैसे न देता दाराबाहेर पडणं नव्हे. किमतीची चिठ्ठी बदलणं आणि चोरीच्या हेतूने वस्तू लपवणं हेही त्यातच येतं. वस्तू मुद्दाम लपवली असेल, तर हेतू चोरीचाच होता, असं कायदा प्रथमदर्शनी गृहीत धरतो. चूक झाली होती, हे मांडता येतं. पण ते मांडावं लागतं.

माल २०० डॉलरच्या आतला असेल, तर खटला म्युनिसिपल कोर्टात चालतो. तरीही सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्याच वेळी किमान दहा दिवस समाजसेवा करावी लागते. तिसऱ्या वेळी किमान ९० दिवस तुरुंग. राज्याच्या भाषेत मात्र २०० डॉलरच्या आतला हा प्रकार ‘क्राइम’ ठरत नाही. लोक फसतात ते इथेच.

कारण इमिग्रेशनचा तराजू वेगळा आहे. तिथे चोरी बहुधा नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरली जाते. एकाच किरकोळ प्रकरणाला काही सवलत आहे. दुसरं घडलं की ती जाते. शिवाय, गुन्हा कबूल करून काही काळ नीट वागल्यावर कोर्टाने केस रद्द केली, तरी इमिग्रेशनच्या लेखी ती कबुली शिक्षेसारखीच उरू शकते. जुलै २०२५मध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासाने जाहीर इशाराच दिला होता : चोरी केलीत तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढचाही मिळणार नाही.

म्हणून, वेळ आलीच तर पळू नका, हुज्जत घालू नका. वकिलाशी बोलल्याशिवाय कबुलीजबाबावर सही करू नका. दुकानाकडून नुकसानभरपाईचं पत्र आलं आणि ते पैसे भरले, म्हणून फौजदारी केस संपत नाही. कबुली देण्याआधी वकिलाला आपला व्हिसा कोणता ते सांगा. २०१०च्या पडिला निकालानुसार, कबुलीमुळे देश सोडावा लागण्याचा धोका असेल तर तो सांगणं बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे. आणि पुढे कुठल्याही अर्जात हे लपवू नका; खोटं उत्तर मूळ चोरीपेक्षा महाग पडतं.

मुलांनो, दोन ओळी तुमच्यासाठी. मैत्रिणींच्या घोळक्यात “डेअर” म्हणून लिपस्टिक खिशात टाकली जाते. तुमचा जन्म इथला असेल, तुम्हाला कुणी देशाबाहेर काढणार नाही. पण तुमच्यासोबतची मैत्रीण कदाचित एच-४वर असेल. तोच खेळ तिच्या अख्ख्या घराला भारी पडू शकतो.

आणि पालकहो, आई-बाबा विमानातून उतरले की पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासोबत दुकानात जा. तिकडे मोठ्या दुकानांत पिशवी दारातच जमा करून घेतात. इथे कुणी मागत नाही, त्यामुळे ती खांद्यावरच राहते. वस्तू कार्टमध्ये, पिशवी घडी घालून, पावती हातात, एवढं दाखवून द्या. तरीही चूक झालीच, तर लाजेपोटी घाई करू नका. चार लोक चार दिवस बोलतील. कोर्टाची नोंद मात्र वर्षानुवर्षं बोलत राहते.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. स्वतःच्या प्रकरणात वकिलाचाच सल्ला घ्या.)