खांदा शेकायला हवा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा हळद-तुपाने शेकतो. वर्षभर जू वाहून तो दुखावलेला असतो, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. माणसाच्या मनाचे मात्र ध्यानात येत नाही.

२०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत आपल्याच लेकी-सुना दवाखान्यांत परिचारिका होत्या, मुलगे वॉर्डबॉय होते. अंगभर बंद पोशाखात तासन्‌तास, पाण्याचा घोट न घेता ती राबली. नातलगांना आत मज्जाव. शेवटच्या घटकेला रोग्याचा हात यांच्याच हाती. २२ मार्च २०२० ला आपण त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या, आणि पुढे काही ठिकाणी त्यांनाच घर सोडायला लावले. हल्लेही झाले. २२ एप्रिलला सरकारला वटहुकूम काढावा लागला : गंभीर इजा करणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत कैद.

साथ ओसरली, सगळ्यांचे ओझे उतरलेच असे नाही. झोप न लागणे, दचकून उठणे, चिडचिड, ‘मी त्याला वाचवू शकले नाही’ ही टोचणी, असे घरात कुणाचे दिसले तर ‘झाले गेले विसर’ म्हणू नका. शेजारी बसा. बोलू द्या. मध्ये उपदेश नको. तरीही त्रास हटला नाही तर जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, मोफत बोलता येते.

बैलाचा खांदा जाणणाऱ्या हातांना हे अवघड नाही.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी