‘मी’पणाचा खटला

दिवाळीच्या दिवसांत घरोघरी एक खटला उभा राहतो. आरोपीचे वय दोन वर्षे. गुन्हा हा की, मागूनही त्याने हातातली करंजी दिली नाही आणि वर ‘माझी!’ म्हणून ओरडला. फिर्यादी आत्याबाई, न्यायाधीश आजोबा. निकाल ठरलेलाच: “आतापासून एवढा अहंकार!” आणि पाठीत धपाटा.

या न्यायालयाविरुद्ध मला दाद मागायची आहे.

वर्षापूर्वी हाच आरोपी आरशातल्या पोराशी खेळत होता. ते पोर म्हणजे आपणच, याचा त्याला पत्ता नव्हता. १९७२ साली ब्यूला ॲम्स्टरडॅम या अमेरिकन विदुषींचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लहानग्यांच्या नाकाला रंग लावून त्यांनी त्यांना आरसा दाखविला. अगदी लहान मुले आरशातल्या सवंगड्याकडे झेपावली; दोन वर्षांच्या आसपासची बरीच मुले मात्र स्वतःच्या नाकाकडे हात नेऊ लागली. म्हणजे हा ‘मी’ जन्मतः तयार नसतो, तो घडतो. जन्मतेवेळी मेंदू प्रौढाच्या साधारण पाव वजनाचा असतो. दोन वर्षांत तो पाऊणच्या घरात जातो. त्याच सुमारास ‘बाळाला पाणी’चे ‘मला पाणी’ होते. स्वतःविषयी विचार करताना कपाळामागचा जो भाग जागा होतो, त्याची घडण तर विशी उलटली तरी चालूच असते. (तिथे ‘मी’ नावाचा कोणी राजा गादीवर बसलेला मात्र आढळत नाही!)

आजोबा म्हणतील, संतांनीच मीपणा सोडायला सांगितला आहे. सांगितला ना! पण ज्याच्यापाशी तो आहे, त्याला. पेरणीच झाली नाही त्या शेतात मळणीची घाई कशाला?

आणि हा ‘मी’ एकट्याने घडत नाही. “काल आपण कुठे गेलो होतो रे?” असे घरच्या बोलीत विचारणारे माणूस लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली, ती उगीच नव्हे. आमच्या मारुंजीत, हिंजवडीच्या सावलीत, आता तीन वर्षांचे पोर पाहुण्यांपुढे इंग्रजीतून स्वतःचे नाव सांगते. पाहुणे टाळ्या पिटतात. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचे पोट दुखू लागते. ‘माझं पोट दुखतंय’ हे त्या भाषेत त्याला कोणी शिकविलेले नसते. ते गप्प बसते, आणि बाई शेरा देतात, ‘शहाणे आहे.’