सही कुणाची?

निकाहाच्या वेळी वकील आणि दोन साक्षीदार मुलीजवळ येतात, तिची कबुली विचारतात. ती हो म्हणाल्याशिवाय काझीसाहेब पुढे जात नाहीत. तीच मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात गेली, की तिच्या पोटावर सुरी चालवायची परवानगी व्हरांड्यात उभ्या असलेल्या शौहरकडून घेतली जाते!

माझंच सांगते. दुसऱ्या खेपेला सिझेरियन झालं. कळा सुरू होऊन सहा तास झाले होते. मी शुद्धीवर होते, बोलत होते. सही मात्र यांची घेतली. कागद इंग्रजीत, यांनी तो वाचलाही नाही. चार महिन्यांनी पोट दुखतं म्हणून दाखवायला गेले तेव्हा कळलं, त्याच वेळी तांबी बसवली होती. तांबी वाईट नाही. विचारलं असतं तर कदाचित मी होच म्हटलं असतं. मी निदान बी.एड. आहे. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या आयांना उर्दूखेरीज काही वाचता येत नाही, त्यांचं काय?

समीरा कोहली यांना तपासणीसाठी भूल दिली होती. त्या बेशुद्ध असताना आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय काढलं गेलं. 16 जानेवारी 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही. जीव वाचवण्याची तातडी नव्हती. त्या शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. गर्भपाताच्या 1971 च्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही.

तातडी असते, असं डॉक्टर म्हणतात. असते, कधी कधी. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के. तातडी काय फक्त खासगीतच येते? आणि बाई नऊ महिने तपासणीला येत होती, तेव्हा समजावून सांगायला कुणी अडवलं होतं?

नुसता डॉक्टरांना बोल लावून भागणार नाही. लेडी डॉक्टर आहे ना, हे आपण दहादा विचारतो. ती काय करणार आहे, हे एकदाही नाही. तांबीचं ऐकून सासूबाई मला म्हणाल्या, "माझ्या मुलाने सही केली ना, मग?"

आता नणंदेचे दिवस भरत आलेत. कागद आधीच मागून आणा, मी तिला उर्दूत समजावून सांगते, असं घरात म्हटलंय. दोनदा माणूस पाठवला. "ऐन वेळी देऊ," असं उत्तर आलं.