फुलराणी आणि चड्डीवाला

धरणगावात मराठी शिकविणे हे मोठे जोखमीचे काम आहे. बालकवी ठोंबरे १३ ऑगस्ट १८९० रोजी याच गावी जन्मले. त्यामुळे ‘फुलराणी’ शिकविताना आमचा आवाज पूजा सांगणाऱ्या भटजीसारखा आपोआप गंभीर होतो.

परवा अशाच गंभीर आवाजात मी चेतनगुणोक्ती अलंकार समजावीत होतो. निर्जीव वस्तूवर माणसाच्या गुणांचा आरोप केला की चेतनगुणोक्ती! उदाहरण विचारले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा वर्षात प्रथमच उभा राहिला. म्हणाला, “सर, मोगलीचं गाणं. त्यात जंगल गप्पा मारतं.”

वर्ग हसला. मीही हसलो आणि वर म्हणालो, “अरे, हा बी. ए.चा वर्ग आहे, बालवाडी नव्हे!” मुलगा खाली बसला.

ते हसू घरी येईपर्यंत टिकले, पुढे मात्र घशाशी अडकले. कारण, वाचकहो, ते गाणे मला तोंडपाठ आहे!

१९९३ साली दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागे, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. रविवारी सकाळी टीव्हीवाल्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर आमच्या चपलांचा ढीग पडे. एकजण वर चढून अँटेना फिरवी आणि खाली आम्ही “आलं, आलं! गेलं, गेलं!” असा ओरडा करीत असू. गाणे सुरू झाले, की वरचा गडी उडी टाकून खाली येई.

या मालिकेचा प्रवासही मोठा गमतीचा आहे. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या किपलिंगसाहेबाने गोष्ट रचली ती मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या रानाची. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली तिची ५२ भागांची चित्रमालिका केली. जपानी शीर्षकगीत निराळेच होते. हिंदीसाठी गुलजारांनी नवे गीत लिहिले, त्या वेळी नवख्या असलेल्या विशाल भारद्वाजांनी चाल बांधली आणि अमोल सहदेव या मुलाने ते गायिले. शेरखानाला आवाज आमच्या नाना पाटेकरांचा. त्याला भिण्यासाठी हिंदी यावे लागत नसे. पुढे २०१६ साली ‘जंगल बुक’चा नवा चित्रपट आला, तेव्हा हेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित झाले आणि शेरखान पुन्हा नानाच झाले. गीतकाराला पुढे ज्ञानपीठही मिळाले.

रात्री ते गाणे मी कागदावर उतरवून वाचले. त्यात मोगलीचे नावसुद्धा नाही. आहे ती रानभर पसरलेली एक खबर, आणि मुलाच्या जागी एक फूल. तेही चड्डी घातलेले! मग अंड्यातून नुकते निघालेले पाखरू स्वतःच्या उघड्या अंगाला लाजते. माणसाचे पोर रानात आले आणि रानाला प्रथमच लाज ठाऊक झाली! मी ज्याला बालवाडी म्हणालो, त्यात एवढे होते. फुलराणीचे लग्न लावणाऱ्या बालकवींना हे चड्डीवाले फूल परके वाटले नसते.

आणि मग आठवले, १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या एका पोराची कविता वडीलधाऱ्यांनी मन लावून ऐकली. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. त्यांनी ऐकून घेतले, म्हणून आमच्या गावाला कवी मिळाला. मी मात्र त्याच कवीची कविता हातात धरून एका पोराला खाली बसविले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणालो, “काल चूक माझी झाली. उदाहरण बरोबर होते.” मग फळ्यावर एका बाजूला फुलराणी लिहिली, दुसऱ्या बाजूला मोगली. या वेळी कोणी हसले नाही.

तास संपल्यावर तो मुलगा टेबलापाशी आला. “सर, मग परीक्षेत हेच उदाहरण लिहू?”

मी क्षणभर घुटमळलो. पेपर कोणाच्या हाती पडेल, कोणी सांगावे!

“लिही,” मी म्हणालो, “पण शेजारी फुलराणीही लिहून ठेव.”